पंचवीस वॅटना लाख रुपये का लागतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंचवीस वॅटच्या ॲम्प्लिफायरची किंमत एक लाख दहा हजार आहे म्हटल्यावर ‘ही तर सरळ लूट’ असंच कुणीही म्हणेल. नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या दुकानात खोक्यावर ‘हजार वॅट’ छापलेला स्पीकर काही हजारांत मिळतो, मग पंचवीस वॅटवाल्याने असं काय सोन्याचं घातलंय? प्रश्न रास्त आहे आणि ‘ऐकाल तेव्हा कळेल’ हे त्याचं उत्तर नव्हे. ठाणे आणि नवी मुंबईत अशी यंत्रं बांधणारे, दुरुस्त करणारे आम्ही काही जण हा हिशोब कायम करत असतो. त्यातला कुठला रुपया खरा आणि कुठला फुगवलेला हे ग्राहकाला स्वतः ओळखता यावं, म्हणून तो इथे उलगडून मांडतो.

हजार वॅटचं आधी निपटवू. तो आकडा बहुधा ‘पीएमपीओ’चा, म्हणजे क्षणभराच्या शिखराचा (पीक म्युझिक पॉवर आउटपुट), असतो आणि त्याला कसलंही ठरलेलं मोजमाप नाही. अशा स्पीकरसोबत येणारा ॲडाप्टर उलटा करून वाचा. त्यावर १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलं असेल तर आत शिरतात २४ वॅट. शिरतात त्यापेक्षा जास्त सतत बाहेर पडू शकत नाहीत.

आता हिशोबासाठी एक साधा ॲम्प्लिफायर धरू. दोन चॅनेल, प्रत्येकी २५ वॅट, क्लास ए, म्हणजे गाणं थांबलं तरी ज्याच्या ट्रान्झिस्टरांतून करंट वाहतच राहतो असा. बनवायचे ५० नग. पत्र्याचं काम वागळे इस्टेटमध्ये, सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशीनवरची कटाई) रबाळ्यात, जोडणी एखाद्या भाड्याच्या गाळ्यात. रकमा गोल केलेल्या आहेत, प्रमाण मात्र या धंद्यातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल.

हे यंत्र इतकं जड आणि गरम का, हे कळल्याशिवाय मालाचा खर्च कळत नाही. ८ ओहमच्या स्पीकरला २५ वॅट द्यायचे तर व्होल्टेजचं शिखर २० व्होल्ट आणि करंटचं अडीच अँपिअर. पुश-पुल (एक ट्रान्झिस्टर ढकलणारा, एक ओढणारा) क्लास ए मध्ये गाणं वाजत नसलं तरी याच्या निम्मा, म्हणजे सव्वा अँपिअर करंट सतत वाहता ठेवावा लागतो. पुरवठा अधिक-उणे २४ व्होल्टचा असेल तर ४८ गुणिले १.२५, म्हणजे एका चॅनेलमधून ६० वॅट उष्णता. दोन्ही मिळून १२०, यंत्र चालू असेपर्यंत अखंड. ती बाहेर टाकायला दोन्ही बाजूंना फूटभर लांबीचे, खोल पंखांचे हीटसिंक लागतात. दर वॅटमागे तापमान अर्ध्या अंशाने वाढेल असा हीटसिंक घेतला तर वाढ ३० अंशांची. मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या वरच्या मजल्यावर खोलीतच ३६ अंश असतात, तेव्हा हीटसिंक ६६ वर जातो. त्याहून लहान हीटसिंक लावला तर पैसे वाचतात आणि दोन उन्हाळ्यांत कपॅसिटर सुकू लागतात.

कपॅसिटरचंच बघा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. १०५ अंशांना २,००० तास चालणारा कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास चालेल. ८५ अंशांना २,००० तासवाला त्याच जागी ८,००० तास. रोज चार तास वापर धरला तर पहिला बावीसेक वर्षं, दुसरा साडेपाच. दोघांच्या किमतीत फरक थोडका, पण लहान उत्पादक शेकड्यांनी घेतो आणि मोठा लाखांनी, त्यामुळे तोच चांगला कपॅसिटर लहान माणसाला कितीतरी महाग पडतो. या यंत्राला पुरवठ्याच्या प्रत्येक बाजूला निदान २०,००० मायक्रोफॅरड हवेत. अडीच अँपिअरच्या सततच्या भारावर त्यातूनही सव्वा व्होल्टची लहर उरतेच. ट्रान्सफॉर्मर ३०० व्हीएचा टोरॉइड, म्हणजे कड्याच्या आकाराचा. चालू करताक्षणी तो इतका करंट ओढतो की घरातला एमसीबी पडतो, म्हणून प्रायमरीला तो करंट रोखणारा एनटीसी थर्मिस्टर आणि काही क्षणांनी तो बाजूला करणारा रिले. हा खर्च वाचवलेल्या यंत्राचं स्विच वर्षभरात चिकटतं.

ग्राहकाच्या डोळ्यांत भरते ती पुढची पट्टी, आणि तिच्यामागे गेलेला पैसा त्याला सगळ्यात जास्त खटकतो. १० मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमची पट्टी, त्यात व्हॉल्यूमच्या नॉबचा खळगा, स्विचचं भोक, कडांना चॅम्फर (तिरका काप). मशीनवर सेटिंगला दोन तास जातात. पट्ट्या ५० असोत की ५००, ते दोन तास तेवढेच. नंतर बीड ब्लास्टिंग (बारीक मण्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग एकसारखा करणं) आणि ॲनोडायझिंग (आम्लाच्या टाकीत वीज सोडून वर रंगवता येणारा टणक थर आणणं). इथे नवशिक्या उत्पादकाचे हात पोळतात. पट्टी एचई-३० ची आणि बाजूचे हीटसिंक एचई-९ चे, म्हणजे दोन वेगळे मिश्रधातू. एकाच टाकीत, एकाच रंगात बुडवले तरी एक काळा निघतो आणि दुसऱ्यावर जांभळी झाक येते. टाकीतला रंग जुना झाला, आम्लाचं तापमान चार अंशांनी चढलं, तरी छटा बदलते. पन्नासातल्या सहा-सात पट्ट्या नाकाराव्या लागणं अजिबात विशेष नाही. नाकारलेल्या पट्टीचा थर काढून पुन्हा रंगवता येतो, पण मापं किंचित बदलतात आणि आट्याची भोकं सैल होतात.

याच ॲनोडायझिंगमुळे होणारी एक चूक दिसायला क्षुल्लक, परिणामाने गंभीर आहे. ॲनोडायझिंगचा थर विजेला रोधक असतो. झाकण, तळ, पट्टी स्क्रूने घट्ट बसली तरी विजेच्या दृष्टीने ती एकमेकांना जोडलेली नसतात. अर्थिंगचा बोल्ट तळाला आहे म्हणून पुढची पट्टीही अर्थ झाली असं कुणी गृहीत धरलं, आणि आत एखादी वायर सुटून पट्टीला टेकली, तर पट्टीत करंट उतरतो आणि फ्यूज उडत नाही. शिवाय नॉबला हात लावला की स्पीकरमधून हमिंग. उपाय साधा आहे: जोडाच्या जागा ॲनोडायझिंगआधी झाकून घ्यायच्या किंवा नंतर खरवडायच्या, दातेरी वॉशर लावायचा, आणि प्रत्येक पत्र्यापासून अर्थ पिनपर्यंतचा रोध मोजायचा. तो ०.१ ओहमच्या आत यायला हवा. एका नगाला हे करायला वीस मिनिटं लागतात आणि ती वीस मिनिटं जाहिरातीत कुठेच दिसत नाहीत.

जोडणीचंही तसंच. पॉवर ट्रान्झिस्टर हीटसिंकवर बसवताना मध्ये अभ्रकाची चकती आणि दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर. भोक पाडल्यावर कडेला धातूची केसाएवढी धारदार कोर (बर) राहिली तरी ती अभ्रकाला छेदते आणि ट्रान्झिस्टरचा कलेक्टर थेट हीटसिंकला भिडतो. म्हणून प्रत्येक भोक काउंटरसिंकने मोकळं करायचं, बसवून झाल्यावर मीटरने तपासायचं आणि मगच वीज द्यायची. तासभर तापू देऊन बायस (न वाजताना वाहणारा करंट) लावायचा, आउटपुटवरचा डीसी २० मिलिव्होल्टच्या खाली आणायचा, २४ तास चालवून दोन्ही पुन्हा बघायचे. सोल्डरिंग, वायरिंग, तपासणी, पॅकिंग धरून एका नगाला माणसाचे १४ तास.

आता बेरीज. ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, कपॅसिटर, बोर्ड, ट्रान्झिस्टर, चांगला व्हॉल्यूम कंट्रोल, जोडण्या, पेटी, खोका असा एका नगाचा माल २६,००० रुपये. तीन वेळा नमुना बनवणं, सहा महिने दोन माणसांचे पगार, मोजमापाची यंत्रं, चाचण्या, छपाई हा एकदाच होणारा खर्च ९ लाख धरला तर ५० नगांवर प्रत्येकी १८,०००. मजुरी १४ तासांची ५,६००. नाकारलेला माल आणि वॉरंटीची तरतूद २,५००. झाले ५२,१००. त्यावर उत्पादकाचे २५ टक्के, ज्यातून गाळ्याचं भाडं, वीज आणि पुढच्या लॉटचं भांडवल निघायचं; गोल धरून ६५,०००. दुकानदाराचे त्याच्या विक्रीच्या किमतीवर ३० टक्के धरले तर करापूर्वीची किंमत ९२,८५७ आणि १८ टक्के जीएसटी लावून १,०९,५७१. माल सव्वीस हजारांचा, किंमत एक लाख दहा हजार, म्हणजे सव्वाचार पट. मालाच्या चार ते पाच पट विक्रीची किंमत, हे प्रमाण या धंद्यात सगळीकडे चालतं आणि ते हावरटपणातून आलेलं नाही. त्याखाली उतरलेल्या छोट्या उत्पादकाकडे पुढे दुरुस्तीला माणूस ठेवायला पैसे उरत नाहीत.

हेच यंत्र ५,००० नगांत बनवलं तर? माल १५,००० वर येतो. साच्यांसाठी आणखी ३० लाख घातले तरी एकदाचा खर्च नगामागे ७८० रुपये. साच्यातून आलेल्या पेटीत मजुरी तीन तासांची, १,२००, तरतूद ८००. उत्पादकाचे आणि दुकानदाराचे टक्के तेच ठेवले तर जीएसटीसह किंमत साडेसदतीस हजारांच्या आत येते. सर्किट तेच, ट्रान्झिस्टर तेच, आवाजही तोच. वरच्या बहात्तर हजारांचं कारण एवढंच की पंचवीस वॅटचा, अठरा किलोचा, उन्हाळ्यात खोली तापवणारा ॲम्प्लिफायर विकत घेणारे पाच हजार लोक एका वर्षात सापडत नाहीत.

स्पीकरमध्ये हिशोब थोडा वेगळा पडतो. दोन ड्रायव्हर (पेटीतले आवाज काढणारे शंकू) एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघाले तरी त्यांची अनुनाद वारंवारता दहा टक्क्यांनी मागेपुढे असू शकते. डाव्या-उजव्या जोडीत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक नको असेल तर चाळीस ड्रायव्हर मोजून त्यातून जोड्या लावाव्या लागतात आणि काही बिनजोडीचे उरतात. क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे वरचे-खालचे सूर ड्रायव्हरांत वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये, फेराइटवरच्या कॉइलऐवजी जाड तांब्याची हवेतली कॉइल घालायची तर तांब्याच्या भावाने पैसे जातात, पण मोठ्या आवाजात कॉइल संपृक्त होत नाही, म्हणजे चुंबकत्वाची मर्यादा गाठत नाही. पेटीच्या बाबतीत आपल्या खाडीकाठच्या हवेचा विचार करायलाच हवा. एमडीएफच्या उघड्या कडा पावसाळ्यात फुगतात, म्हणून आतूनही सीलर लागतो. व्हिनीअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) फक्त बाहेरून लावलं तर फळी एका बाजूला ओढली जाऊन बाक धरते. आतल्या बाजूलाही साधं व्हिनीअर लावून ताण सारखा करावा लागतो. सुताराकडे हे सांगितलं नाही तर तो करत नाही, आणि पहिल्या श्रावणातच सांधा उघडतो.

परदेशी माल आणखी महाग का, याचं उत्तर न्हावा शेव्यात आहे. बंदर आपल्या हाकेच्या अंतरावर असलं तरी खर्च कमी होत नाही. स्पीकर म्हणजे बरीचशी हवा असलेली पेटी, आणि वाहतूकदार जागेचे पैसे घेतो. ५० बाय ४० बाय ७० सेंटीमीटरच्या खोक्याचं घनफळ १,४०,००० घन सेंटीमीटर. कुरिअरच्या ५,००० च्या भाजकाने ते २८ किलो मोजलं जातं, आत सोळाच किलो असले तरी. समुद्रमार्गे, दुसऱ्यांच्या मालासोबत अर्धवट कंटेनरमधून आणलं तर घनमीटरवर भाडं, मग उरणच्या बाजूच्या गोदामात माल सुटा करण्याचे पैसे, आणि कागदपत्रात एक आकडा चुकला तर माल पडून राहिल्याचा रोजचा आकार, म्हणजे डॅमरेज.

त्यावर सीमाशुल्क, आणि ते वाहतूक व विमा धरून निघालेल्या रकमेवर लागतं. कारखान्यात ४०,००० ची जोडी, वाहतूक-विमा ८,००० धरू. मूळ सीमाशुल्क २० टक्के धरलं तर ९,६००, त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार ९६०. क्लिअरिंग आणि गोदामाचे अडीच हजार. झाले ६१,०६०. आयातदाराचे २५ टक्के, दुकानदाराचे ३० टक्के (इथे दोन्ही आपापल्या विक्रीच्या किमतीवर), वर १८ टक्के जीएसटी लावला की ग्राहकाला जोडी १,३७,२४० ला पडते. यातलं शुल्क आणि अधिभार मिळून १०,५६० रुपये होतात. ते नसते तर हीच जोडी १,१३,५०५ ला पडली असती. सरकारने घेतलेले साडेदहा हजार ग्राहकापर्यंत पावणेचोवीस हजार होऊन पोचतात, कारण शुल्कावर आयातदाराची टक्केवारी, तिच्यावर दुकानदाराची आणि सगळ्यावर जीएसटी. शुल्क कमी-जास्त करताना हे गुणोत्तर कुणी विचारात घेतं असं दिसत नाही, आणि घ्यायला हवं.

नियमांचा भारही लहान लॉटवर असाच पडतो. वायरलेस हेडफोनना आणि ॲडाप्टरना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) सक्तीची नोंदणी लागते. ब्लूटूथ असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता. विजेवर चालणाऱ्या वस्तूची सुरक्षा तपासली जावी याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण प्रयोगशाळेतली चाचणी मॉडेलमागे असते, नगांमागे नाही. तीस हजार हेडफोन विकणाऱ्याला ती जाणवतही नाही. तीस विकणाऱ्याला तीच प्रत्येक नगावर हजारोंनी चढते. म्हणून छोट्या उत्पादकाने स्वतःचा ॲडाप्टर बनवण्याच्या फंदात पडू नये, नोंदणी असलेला तयार घ्यावा.

सुट्या भागांची टंचाई ही वेगळीच डोकेदुखी. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या असाही कासेई मायक्रोडिव्हाइसेसच्या चिप कारखान्याला आग लागली आणि तिथल्या डॅक चिपवर (डिजिटल आकड्यांपासून आवाजाची लहर बनवणाऱ्या) बेतलेली जगभरची उपकरणं अडली. अशा वेळी दुसऱ्या कंपनीची चिप नुसती उचलून तिथे बसत नाही. पायांची मांडणी, क्लॉक, पुढची फिल्टरची पायरी, आतला प्रोग्रॅम सगळं बदलतं, बोर्ड नव्याने करावा लागतो. मोठ्या कंपनीकडे यासाठी वेगळी माणसं असतात. पन्नास नगवाल्याचा तो नऊ लाखांचा खर्च पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

आणि नकली भाग. २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही ट्रान्झिस्टरची जोडी आपल्याकडच्या बहुतेक ॲम्प्लिफायरांत असते; अस्सलची मर्यादा २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॅट. बाजारात त्याच नावाचे, आत इवलीशी चिप असलेले पुष्कळ फिरतात. छाप अगदी हुबेहूब असते, मल्टिमीटरवरही ते चांगले दिसतात. लॉटमधला एखादा हीटसिंकवर चढवून त्याला ४० व्होल्ट आणि १ अँपिअरवर काही सेकंद धरा: अस्सल तापतो आणि टिकतो, नकली शॉर्ट होतो. एक बळी देऊन फोडून बघणंही योग्यच. आतला तुकडा तांदळाच्या दाण्याहून लहान दिसला तर सगळा लॉट परत. शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर एकटा जात नाही. तो पुरवठ्याचे चोवीस व्होल्ट सरळ स्पीकरवर टाकतो आणि वूफरची कॉइल जळते. म्हणून अधिकृत वितरकाकडून दुप्पट भावाने घेतलेला ट्रान्झिस्टर स्वस्तच पडतो.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या ॲम्प्लिफायरबद्दल थोडक्यात. तिथे किमतीचा मोठा वाटा व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात, आणि तेही एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात. ट्रान्सफॉर्मर मात्र इथे बनू शकतो. ठाण्यात आणि टीटीसी (ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक) पट्ट्यात हात बसलेले वाइंडर, म्हणजे तार गुंडाळणारे कारागीर, आहेत. पण ते पॉवर ट्रान्सफॉर्मर गुंडाळतात, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर ही निराळी चीज आहे. प्रायमरी आणि सेकंडरी एकावर एक न ठेवता थरांमध्ये विभागून आलटून-पालटून गुंडाळावी लागते, नाहीतर वरचे सूर गळतात. ३००बी सारख्या व्हॉल्व्हच्या सिंगल-एंडेड (पुश-पुल जोडी नसलेल्या) यंत्रात गाभ्याच्या पट्ट्यांमध्ये कागदाची ठरावीक फट ठेवावी लागते, नाहीतर सततच्या डीसीने गाभा संपृक्त होऊन खालचे सूर फाटतात. हजारो वेढे, केसासारखी तार, प्रत्येक थरावर कागद. तार तुटते ती बहुतेक वेळा बाहेर काढलेल्या टोकापाशी, आणि शेवटच्या थरात तुटली तर सगळा दिवस वाया. वर्षाला दहा ऑर्डर येणाऱ्या कामासाठी वाइंडर पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या भावाने हात लावत नाही आणि त्याचं बरोबरच आहे.

इथवर खरा खर्च. आता जिथे पैसे घालू नयेत ते. स्पीकरची वायर. तीन मीटर लांब, अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची वायर जाऊन-येऊन सहा मीटर. तिचा रोध ०.०४२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तोटा ०.०५ डेसिबलच्या आत, जो कुणाच्याच कानाला कळणार नाही. घराच्या वायरिंगला वापरतात तीच वायर, टोकं नीट कसलेली, पुरेशी आहे. हजारो रुपयांची वायर, खास फ्यूज, वायरखालचे लाकडी ठोकळे यांचं कसलंही मोजमाप विक्रेता देत नाही, आणि या वस्तूंत दुकानदाराची टक्केवारी ॲम्प्लिफायरपेक्षा जास्त असते. या पूर्ण क्षेत्राची बदनामी मुख्यतः त्यांनीच केली आहे, आणि प्रामाणिकपणे यंत्र बांधणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते. डॅकमध्येही फार पैसे घालू नयेत. आज काही हजारांच्या डॅकची विकृती (डिस्टॉर्शन) ऐकू येण्याच्या खूप खाली असते.

खरा फरक खोलीने पडतो. आपल्या फ्लॅटमधली १० बाय १२ फुटांची खोली घ्या. १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झला घुमारा येतो, १० फुटांच्या रुंदीत ५६ ला, साडेनऊ फुटांच्या उंचीत ५९ ला. शेवटचे दोन जवळजवळ एकावर एक बसतात, म्हणून तबल्याचा डग्गा एका ठरावीक घुमेला सुजल्यासारखा वाजतो. फरशी व्हिट्रिफाइड, भिंती उघड्या, त्यामुळे वरचे सूर काचेसारखे टोचतात. पडदे आणि सतरंजी वरचं टोचणं कमी करतात, डग्ग्याला हात लावत नाहीत. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे घ्या, बसायची जागा मागच्या भिंतीला चिकटवू नका आणि खोलीच्या बरोबर मध्यावरही नको. मापनाचा माइक आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन वक्र काढा, आणि ५७ हर्ट्झच्या आसपास उंचवटा दिसला तर इक्वलायझरने तेवढाच अरुंद भाग सहा डेसिबलने खाली आणा. दीड लाखाच्या स्पीकरवरून तीन लाखांच्या स्पीकरवर जाण्याआधी हे करून बघावं, अशी प्रत्येकाला आमची कळकळीची विनंती आहे.

विकत घ्यायचंच ठरलं तर दुकानात काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. २५ वॅट किती ओहमला आणि किती विकृतीवर? एक चॅनेल चालवून की दोन्ही? ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा आहे की २२० चा? आपल्याकडे रात्री दाब २४५ पर्यंत चढतो आणि २२० वाला तेव्हा गुणगुणतो, तापतो. झाकण उघडून दाखवाल का? दुरुस्ती इथेच होते की यंत्र परदेशी जातं? सर्किटची आकृती मिळेल का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण आकृती असेल तर कंपनी बंद पडल्यावरही यंत्र जगतं, आणि नसेल तर एका जळक्या, नंबर घासून टाकलेल्या चिपपायी लाखाचं यंत्र भंगारात जातं.

आमच्या मागण्या तीनच आहेत. उत्पादकांनी प्रत्येक यंत्रासोबत सर्किटची आकृती आणि भागांची यादी द्यावी, आणि ५० च्या लॉटमागे निदान दोन ट्रान्सफॉर्मर, दोन पट्ट्या आणि ट्रान्झिस्टरच्या दहा जोड्या दहा वर्षांसाठी राखून ठेवाव्यात. वरच्या हिशोबात ही तरतूद नगामागे हजार रुपयांच्या आत बसते. शंभर नगांखालच्या लॉटसाठी चाचणीचं शुल्क कमी असावं आणि टीटीसी पट्ट्यात लहान उद्योगांना तासावर भाड्याने वापरता येईल अशी मोजमापाची सामाईक प्रयोगशाळा असावी. आणि आयटीआयमध्ये मोटर वाइंडिंगसोबत थरांचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गुंडाळायलाही शिकवावं. आज हे काम येणारे हात मोजकेच उरले आहेत आणि त्यांच्या हाताखाली नवी मुलं फारशी दिसत नाहीत. शिकवायला यायची आमची तयारी आहे. एका बॅचला दहा मुलं, गाभ्यासाठी सीआरजीओ पोलादाच्या पट्ट्या, तार आणि हाताने फिरवायची चार वाइंडिंग मशीन एवढं मिळालं तरी सुरुवात होईल.

आपले,
ध्वनियंत्रांची बांधणी व दुरुस्ती करणारे काही वाचक,
ठाणे आणि नवी मुंबई